गोळीला अंघोळ घालणाऱ्या मॅडम

“आधी गोळी, मग मासा.”

होडीत पाय टाकला की मॅडमचं हे पहिलं वाक्य. मग त्या एका लहान डब्यातून लिंबाएवढी तांब्याची गोळी काढायच्या. बादलीत साबणाचं पाणी करायच्या आणि तान्ह्या बाळाला घालावी तशी त्या गोळीला अंघोळ घालायच्या. बोट लागू द्यायच्या नाहीत, चिमट्यानं धरायच्या. गोळीला तीन दोऱ्या बांधलेल्या असत. त्या तीन दोऱ्या तीन माणसांनी होडीच्या तीन कडांवरून धरायच्या आणि गोळी बरोबर यंत्राच्या खाली पाण्यात लोंबकळत ठेवायची. अर्धा तास. हलायचं नाही, खोकायचं नाही, तंबाखू थुंकायला वळायचंही नाही.

आमच्या मच्छीमार संस्थेचे चेअरमन साठी ओलांडलेले गृहस्थ. धरण भरलं त्या वर्षापासून या पाण्यात जाळं टाकतायत. त्यांच्या हातात मॅडमनी पहिल्या दिवशी दोरी दिली आणि म्हणाल्या, “अण्णा, नाकासमोर धरा.” चेअरमन दोरी धरून उभे राहिले आणि माझ्याकडं असं बघायला लागले की मला हसू आवरेना. मी संस्थेचा सेक्रेटरी. राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, आणि आठवड्यातून चार दिवस गाडी मारत धरणावर. हसणं हा माझा धर्म आहे. टोपीवाले साहेब, बुटातले साहेब, बाटलीतलं पाणी पिणारे साहेब, असे कितीतरी साहेब या तलावावर येऊन गेले आणि मी सगळ्यांना हसलो. या बाईला हसायला तर मला फार कष्टच पडले नाहीत.

कारण ऐका. ही बाई मासे मोजायला आली होती आणि तिनं जन्मात मासा खाल्ला नव्हता.

गडहिंग्लजकडच्या. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पायात रबरी बूट, डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. घरून फोन आला की कानडीत “अव्वा, अव्वा” करत बोलायच्या. जाळं वर आलं की रुमाल नाकाला. आमचा दत्तू नावाडी तोंडाचा फटकळ. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, न खाता कसं कळणार वं तुमास्नी कुठला मासा त्यो?”

“तुमचा डॉक्टर तुम्हाला खाऊन बघतोय काय?” मॅडम म्हणाल्या.

दत्तू मान वळवून इंजिनाशी खुडबुडत बसला. उत्तर फक्कड होतं, तरी माझं मत काही बदललं नाही.

आता प्रकरण काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला आमच्या पोटातली भीती कळेल. तलावात मासा उरला नाही अशी कुणीतरी तक्रार केली होती. तक्रार कुणी केली हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. एका ठेकेदाराला या पाण्यात पिंजरे टाकायचे होते, पिंजऱ्यात मासे पाळायचे होते, आणि त्यासाठी आम्ही वाटेतून बाजूला व्हायला हवे होतो. मग ठरलं की तपासणी करायची. आवाजाच्या यंत्रानं सगळा तलाव पालथा घालायचा. मासा आहे असं निघालं तर तलाव आमच्याकडं राहणार. नाही असं निघालं तर पिंजरेवाल्याकडं जाणार, आणि आमची तीस-बत्तीस घरं इचलकरंजीला यंत्रमागावर पाळी करायला जाणार. चेअरमनचा थोरला मुलगा आधीच तिकडं गेला होता. मागाच्या खडखडाटात त्याला आताच कमी ऐकू यायला लागलं होतं. मला दोघं भाऊ, दोघंही या पाण्यावर. म्हणजे सगळं त्या बाईच्या पडद्यावर येऊन ठेपलं होतं.

यंत्र काय करायचं? होडीच्या कडेला एक नळी, नळीच्या टोकाला बशीएवढी काळी चकती, ती पाण्यात बुडालेली. चकती टिक्‌ टिक्‌ करून पाण्यात आवाज सोडायची. माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो, त्यावर आपटून आवाज माघारी यायचा, आणि पडद्यावर रंगाचा डाग उमटायचा. एकटा मासा म्हणजे ठिपका. घोळका म्हणजे मोठा डाग. एवढंच. पण मॅडम एवढ्यावर थांबतील तर त्या मॅडम कसल्या! गोळीचा ठिपका रोज तेवढाच ठसठशीत उमटला तर यंत्र खरं बोलतंय, असा त्यांचा हिशेब, म्हणून आधी गोळी.

चेअरमन पडद्यावर बोट ठेवून ओरडायचे, “ह्यो बघा कटला! केवढा घोळका हाय!”

“झाडं हायती ती, अण्णा.”

“कसली झाडं?”

“तुमच्याच गावची आमराई. धरणात बुडाली न्हवं?”

चेअरमननी हट्टानं तिथंच जाळं टाकलं. जाळं फांदीला अडकून उभं फाटलं. दोन दिवस शिवत बसले होते आणि मॅडमच्या नावानं शिव्या देत होते. आमराईत लहानपणी कैऱ्या पाडलेला माणूस आमराई विसरला, त्यात मॅडमचा काय दोष? पण शिव्या द्यायला माणूस लागतो.

दुसऱ्या एका ठिकाणी तळातून वर चढत जाणारी ठिपक्यांची रांग दिसली. मी म्हणालो, “हे तरी मासेच.”

“दिसलं म्हणजे हाय असं न्हवं, सेक्रेटरी. गाळात कुजलेल्याचा वायू हाय. तलावानं ढेकर दिलाय.”

“मग मासा कुठं हाय?” मी चिडून विचारलं.

“ते मी न्हाई सांगणार. थवा हाय एवढं सांगीन. कशाचा, ते जाळं सांगंल.”

घ्या! यंत्र बाईचं, पडदा बाईचा, आणि उत्तर आमच्या जाळ्यानं द्यायचं. असं माझं म्हणणं. पण तसंच करायच्या त्या. काठाच्या झुडपांजवळ दाट डाग दिसला की जाळं टाकायला लावायच्या, त्यात चिलापी निघाली की वहीत लिहायच्या. तळाशी चिकटून पसरट डाग दिसला, जाळ्यात मृगळ निघाला, तेही लिहायच्या. शंभर वेळा बघितल्यावर कुठं एकदा म्हणायच्या, “हा बहुतेक मृगळ.” बहुतेक! बारा दिवसांत या बाईच्या तोंडून ‘नक्की’ हा शब्द मी ऐकला नाही. चेअरमन एकदा त्यांना खिंडीत गाठायला म्हणाले, “कटला तर वरच्या अंगाला फिरतोय. तुमची चकती बघती खाली. त्यो कसा दिसंल?”

“न्हाई दिसत,” मॅडम म्हणाल्या. “वरचा हातभर आणि तळाचा हातभर मी आंधळी हाय.”

आता तुम्हीच सांगा. तज्ज्ञ म्हणून आलेला माणूस भर होडीत मी आंधळी आहे असं सांगतो, त्याला काय म्हणायचं? आम्ही तर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर पोट धरून हसलो.

आणि जाळ्यातला मासा फळीवर ठेवून लांबी घेतली की रुमालाआडून ओरडायच्या, “सोडा, सोडा, जीव घाबरा झालाय त्याचा.” आम्ही मासे मारून जगणारी माणसं. आमच्या हातून त्या जिवंत मासे पाण्यात सोडवून घ्यायच्या. दत्तू मुद्दाम सावकाश सोडायचा.

मग आम्ही एक शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर, होडी पोचायच्या आधी, दोन पोती पेंड पाण्यात टाकली. तलावातला मासा पेंडीवर असा गोळा झाला की पडदा लालभडक झाला. आम्ही एकमेकांना कोपरं मारतोय. मॅडमनी पाण्यावर तरंगणारा पेंडीचा एक खडा उचलला, वास घेतला, आणि वहीतल्या त्या वाटेच्या आकड्यांवर काट मारली.

“आवं मॅडम, असं का?”

“पंगतीला बोलावलेली माणसं मोजून गाव केवढं ते कळतंय व्हय?”

हे त्यांच्या साहेबांना कसं कळलं कोण जाणे. साहेब म्हणजे ज्या संस्थेनं त्यांना पाठवलं तिथले वरचे. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. ते जीपमधून आले आणि सगळ्यांना उभं करून बजावून गेले, “पेंडीचं सोडून देतो. पण यंत्राला कुणी हात लावलेला दिसला, तर छेडछाड म्हणून लिहीन आणि तुमची संस्था बाद. समजलं?”

समजलं. मला तर चांगलंच समजलं होतं.

आणि मग दसरा आला.

मॅडम चार दिवस गडहिंग्लजला गेल्या. यंत्र आमच्या शेडमध्ये, गोळीचा डबा कुलपात. खंडेनवमीला आम्ही जाळी, वल्ही, इंजिनं सगळी धुऊन पुसून मांडतो. हळदकुंकू, झेंडू, नारळ. त्या दिवशी मांडणीच्या शेवटी ती काळी चकती दिसली. मला वाटलं, ही बाई रोज साबणानं धुते, आपण एक दिवस पूजा करू. तिच्या साबणानं मासा दिसत नाही, आपल्या हळदीनं दिसेल. हसण्यावारी म्हणालो खरा, पण खरं सांगतो, मनातून मी हात जोडले होते. मासा दाखव म्हणून. तेलात हळद कालवली, चकतीवर स्वस्तिक काढलं. ते फिकं दिसलं म्हणून सगळीकडं फासलं, मधोमध कुंकू दाबलं, वर फूल. चिमट्यानं गोळी धरायची बाई मी बारा दिवस बघितली होती. बोटाचा तेलकटपणा लागला तरी चालत नाही हे मला पाठ होतं. तरी फासलं. दसऱ्याला, सोनं वाटायच्या दिवशी सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून टाकलं आणि विसरलो.

मॅडम यायच्या आधीच साहेब उगवले. त्यांना अहवालाची घाई. बरोबर दोन माणसं. “गोळीबिळीत अर्धा दिवस जातो,” म्हणाले. चकतीकडं ढुंकूनही न बघता नळी पाण्यात सोडली आणि दोन दिवस तलाव पिंजून काढला.

पडदा काळा. जिथं दाट डाग दिसायचे तिथं चार फिके ठिपके. साहेब खुशीत. “संपलं. मासा नाही तुमच्या तलावात.” चेअरमन जाळं गुंडाळायला लागले. मला वाटलं, दसऱ्याचा गोंगाट ऐकून मासा खोल गेला असेल. बघा, हुशारी कशी असते. स्वतःच्या हातांकडं मात्र बघावंसं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पडद्यावरचे आकडे बघितले. एकच प्रश्न.

“गोळी सोडली?”

“नाही सोडली. काय बिघडलं?” साहेब म्हणाले.

मॅडमनी डबा उघडला, साबणाचं पाणी केलं, गोळी धुतली. आम्ही तिघांनी दोऱ्या धरल्या. एक मी, एक दत्तू, एक चेअरमन. गोळी खाली गेली आणि पडद्यावर तिचा ठिपका उमटला. रोज ठसठशीत उमटायचा, आज कसाबसा. मॅडमनी भुवया उंचावल्या. नळी वर ओढली, चकतीवर अंगठा फिरवला आणि अंगठा उन्हात धरला.

पिवळा.

मी दोरीवरची बोटं मुठीत मिटून घेतली. तेलाचा थर, त्यात अडकलेली हवा, आवाज बाहेरच जात नव्हता. हे मला नंतर कळलं. त्या क्षणाला एवढंच कळलं की मी माझ्या दोन भावांना, चेअरमनना, सगळ्या घरांना माझ्या हातानं मागावर पाठवलंय. तोंड उघडलं तर छेडछाड. नाही उघडलं तर मासा नाही. दोन्हीकडून आम्ही गेलोच.

मी तोंड उघडलं नाही.

मॅडमनी साहेबांकडं पाठ केली. ओंजळीत साबण घेतला, चकती घासली, पाण्यात खळबळली, पुन्हा घासली. नळी खाली सोडली. गोळीचा ठिपका ठसठशीत उमटला.

“काय होतं?” साहेबांनी मागून विचारलं.

“चकती धुवायला पायजे होती, साहेब. माझं काम ते. मी रजेवर होते. गोळी न सोडता घेतलेलं दोन दिवसांचं सगळं रद्द.”

“रद्द? तुमच्या निष्काळजीपणाची नोंद करावी लागेल मला.”

“करा की.”

एक शब्दही त्या खोटा बोलल्या नाहीत. मी वहीतलं पानही नंतर बघितलं. गोळी सोडली नाही, चकती धुतली नाही, आकडे रद्द, सही. तेल कुणाचं, हळद कुणाची, याबद्दल अवाक्षर नाही. साहेब तणतणत काठाला उतरून गेले. दत्तूनं इंजिन चालू करायला पाठ वळवली, तेव्हा मॅडमनी साबणाचा तुकडा माझ्यापुढं धरला.

“सेक्रेटरी, हात धुवा. नखं पिवळी हायती.”

मी धुतले. मान खाली घालून धुतले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, “बोलू नका, दोरी धरा.”

पुन्हा सगळा तलाव. सहा दिवस, सकाळी गोळी, मग मासा. शेवटी अहवाल गेला. तलावाचा निम्मा भाग खरंच रिकामा आहे, पण जुन्या नदीच्या पात्रात आणि वरच्या फाट्यात, म्हणजे ओढा येऊन मिळतो त्या अंगाला, थवे आहेत, बहुतेक मृगळ आणि रोहू. तलाव आमच्याकडं राहिला. पण खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती. वरच्या फाट्यात मासा अंडी घालायला जातो, तिथं पावसाळाभर जाळं नको.

वरचा फाटा म्हणजे आमची सगळ्यात चांगली जागा. झालं! तलाव वाचवलेली बाई एका रात्रीत वैरीण झाली. “शाकाहारी बाई, तिला काय पोट कळणार?” हे चहाच्या गाड्यावर कोण म्हणालं असेल? मीच म्हणालो. आणि सगळे हसले. मॅडम गेल्या त्या दिवशी त्यांचे खोके जीपमध्ये चढवायलाही कुणी गेलं नाही. एकटीनं चढवले त्यांनी. मी शेडच्या दारातून बघत होतो. आम्ही कसली माणसं आहोत हे मला कुणी विचारलं तर मी हा दिवस सांगतो.

यंदा पुन्हा तपासणी आली. तेच खोके, माणूस नवा. कानात गाणी लावलेला, चांगला हसतमुख. होडीत बसून त्यानं जुनी फाईल चाळली आणि मोठ्यानं वाचलं, “मागच्या वेळी मॅडमच्या निष्काळजीपणामुळे दोन दिवसांचे आकडे रद्द.” मग हसला. “बायकांच्या हातात मशिन दिलं की असंच.” दत्तू हसला. चेअरमनही हसले.

मला हसू आलं नाही. मी विचारलं, “कुठं असतात मॅडम?”

“फील्डवर नाही पाठवत आता त्यांना. त्या नोंदीनंतर ऑफिसातच बसवलंय. टेबलावर.”

दिवसचे दिवस उन्हात पाण्याकडं डोळे लावून बसलेली बाई माझ्या डोळ्यांसमोर आली. ती आता भिंतीकडं तोंड करून बसते, आणि मी इथं मोकळ्या वाऱ्यावर.

“तेल मी लावलंतं,” मी म्हणालो. “खंडेनवमीला. चकतीला. मॅडमची काय बी चूक न्हवती. लिहा तिथं.”

चेअरमन माझ्याकडं बघत राहिले. नव्या माणसानं कानातलं काढलं, जरा विचार केला.

“जाऊ द्या हो सेक्रेटरी. फाईल बंद झाली ती.” आणि दत्तूला म्हणाला, “चला, इंजिन मारा.”

“थांब,” मी दत्तूला म्हणालो. “आधी गोळी.”

“ती कशाला? असेल कुठंतरी खोक्यात.”

मी खोका उघडला. तळाशी डबा होता. जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गोळी गुंडाळलेली, काळी पडलेली. शेजारी साबणाचा तुकडा, वाळून तडे गेलेला. मी बादलीत पाणी घेतलं, आधी कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली. मग चिमट्यानं गोळी धरली. तीन वेळा धुतली, तेव्हा कुठं तांबं दिसायला लागलं.

चेअरमननी न सांगता एक दोरी उचलली आणि नाकासमोर धरली.